अगो

ह्यांनी मला कधीच नावाने हाक मारली नाही. मीही ह्यांना 'अहो' म्हणते, आणि दुसऱ्यांशी बोलताना 'हे' म्हणते. माझ्यासारख्या सर्किटं जोडून पोट भरणाऱ्या बाईला हे सांगताना थोडी लाज वाटायला हवी. मला वाटत नाही. इथे आखातात, एगैलाच्या आमच्या बिल्डिंगमधल्या पुण्याच्या बायका नवऱ्याला सरळ नावाने बोलावतात आणि मला हसतात. मी म्हणते, सवय. खरं कारण निराळं आहे. ह्यांच्या हाकेवर माझा जीव होता, आणि तिच्यात मला काही बदल नको होता.

हाक म्हणजे 'अगो'. हे चिपळूणचे, मी सांगलीची. आमच्याकडे 'अगं' म्हणतात, तेही कुणाशी तरी भांडायला उभं राहिल्यासारखं. लग्नानंतर पहिल्यांदा 'अगो' ऐकलं तेव्हा मला हसू फुटलं होतं. सुरुवातीचा 'अ' जवळजवळ गिळलेला आणि 'गो' लांबवलेला. मोजा सापडत नसला की तो 'गो' वर चढायचा. चहा हवा असला की खाली उतरायचा. आणि एक 'गो' होता तो अर्ध्यातच तुटायचा. त्याला काही कारण नसायचं. मी घरात आहे ना, एवढंच त्यांना बघायचं असायचं. स्वयंपाकघरातून मी 'ओ' द्यायची, पलीकडून काही नाही. कणकेच्या हातांनी दारापर्यंत येऊन मी विचारायची, "काय हवंय?" हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "काही नाही." मी चिडायची. उगीच हाका मारून माणसाला उठवायचं म्हणजे काय?

मी इथल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम करते. शिकवत नाही. मोजमापं घेते, बोर्डं जोडते, विद्यार्थ्यांनी बिघडवलेलं सरळ करते आणि कुणी पाहुणे आले की त्यांना आमचा विषय समजावून सांगते. विषय ऐकला की बहुतेक लोक मान डोलावतात आणि चहाचा कप उचलतात, म्हणून मी स्वयंपाकघरातून सुरुवात करते. आपण रोज वापरतो त्या कॉम्प्युटरात कोठीची खोली एकीकडे आणि शेगडी दुसरीकडे असते. चिमूटभर मीठ हवं तरी कोठीत धावा, डबा आणा, मीठ घाला, डबा परत ठेवून या. सगळा वेळ आणि सगळी वीज त्या धावपळीत जाते. मेंदूत अशी धावपळ नसते. तिथे जे साठवतं तेच रांधतं. आम्ही तशी चिप करत होतो. धातूच्या अगदी बारीक तारा एकमेकींवरून आडव्या-उभ्या गेलेल्या, आणि जिथे त्या एकमेकींना ओलांडतात तिथे मध्ये एक पातळ थर. वीज त्या थरातून गेली की तो किंचित बदलतो. बटण बंद केलं तरी बदललेलाच राहतो, आणि पुढची वीज त्या बदलाच्या कलाने जाते. आठवण वेगळी आणि विचार वेगळा, असं तिथे काही उरत नाही.

आमचे प्रोफेसर इजिप्तचे. एकदा त्यांनी विचारलं, तुमच्या भाषेत ह्याला काही शब्द आहे का? मी म्हटलं, आमच्याकडे पोराला 'लक्ष दे' म्हणतात आणि मग 'लक्षात ठेव' म्हणतात. जिथे लक्ष, तिथेच आठवण. त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी फळ्यावर रोमन अक्षरांत 'लक्ष' लिहून ठेवलं. स्पेलिंग चुकीचं होतं, पण कितीतरी दिवस ते कुणी पुसलं नाही.

चिपला आम्हांला एक आवाज आणि एक शब्द शिकवायचा होता. त्या माणसाने तो शब्द उच्चारला की बोर्डावरचा हिरवा दिवा लागला पाहिजे. दुसऱ्या कुणी तोच शब्द म्हटला तर लागता कामा नये. त्यासाठी एकच माणूस पुन्हा पुन्हा यायला हवा होता, आणि विद्यार्थी आज येतात, उद्या दांडी मारतात. हे मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत कंट्रोल रूममध्ये होते. सकाळची पाळी संपली की गाडी घेऊन मला न्यायला यायचे आणि माझं काम आवरेपर्यंत बाहेरच्या खुर्चीवर बसून खजूर खात राहायचे. प्रोफेसरांची नजर त्यांच्यावर पडली.

"यल्ला, आत या," ते म्हणाले. "घरी मॅडमना बोलावता तसं ह्या माइकमध्ये बोलवा."

हे लाजले. रेडिओवर दिवसभर पंपवाल्यांवर ओरडणारा माणूस, कानांच्या पाळ्या लाल. माझ्याकडे बघितलं, मी मीटरकडे बघितलं. मग त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "अगो."

"ओ," मी म्हटलं.

सगळे विद्यार्थी हसले. पण मी मुद्दाम नव्हतं म्हटलं, तोंडातून आपसूक निघालं. माझी 'ओ' रेकॉर्डिंगमध्ये घुसली, ते वाया गेलं. दुसऱ्यांदाही तेच झालं. शेवटी प्रोफेसरांनी मला ताकीद दिली की हाकेच्या वेळी मी गप्प राहायचं. सांगायला सोपं आहे. हाकेला ओ द्यायची नाही म्हणजे शिंक धरून ठेवण्यासारखं. ओढणीचा बोळा तोंडावर दाबून मी उभी राहायची, हे माझ्याकडे बघत हाका मारायचे, आणि मी बघायची दिव्याकडे.

'अगो' हे माझं नावच आहे असं प्रोफेसर समजून चालले. "काय गोड नाव आहे," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून मी मदाम अगो झाले. बोर्डावर त्यांनी तशी चिठ्ठीसुद्धा चिकटवली, इंग्रजी अक्षरांत. कुणी नवीन विद्यार्थी आला की ती 'एगो' वाचायचा, म्हणजे 'पूर्वी', आणि विचारायचा की किती पूर्वी? हे नाव पडलं त्या दिवशी फिंतासची एक्झिट येईपर्यंत हे गाडीत हसत होते. मी प्रोफेसरांना खरं सांगितलं नाही. आमच्या घरातली हाक ती, तिचा खुलासा कोण करत बसणार?

दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा ह्यांनी छाती फुगवली. "चिपळूणच्या माणसाचं चिप नाही ऐकणार तर कोण ऐकणार?" हा विनोद त्यांनी प्रोफेसरांना आधी इंग्रजीत सांगितला, मग हिंदीत, मग खांद्यावर हात ठेवून पुन्हा इंग्रजीत. प्रोफेसर प्रेमाने हसले. काहीही कळलं नव्हतं.

मग रेकॉर्डिंगं पुसली. त्यात कुणाचा हलगर्जीपणा नव्हता. आमच्या कामाचा मुद्दाच तो होता: आवाज कुठेही साठवून न ठेवता यंत्र तो ओळखतं की नाही. शिवाय ज्याने आवाज दिला त्याची रेकॉर्डिंगं काम झाल्यावर पुसायची, असा नियमही होता. सगळ्यांसमोर प्रोफेसरांनी बटण दाबलं आणि म्हणाले, "खलास." लगेच ह्यांना हाक मारायला लावली, आणि दिवा लागला. मूळ आवाजाचा कुठे मागमूस नाही, तरी चिप ओळखते! आम्ही टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात मी.

ह्यांचा आवाज बसला तो धुळीच्या वादळांच्या दिवसांत. त्या दिवसांत इथे सगळ्यांचेच घसे बसतात. आकाश पिवळं होतं, खिडक्यांना ओली फडकी लावली तरी दातांखाली वाळू करकरते. मी हळदीचं दूध दिलं, मध दिला, एसीला शिव्या दिल्या. वादळं संपली, बाकीच्यांचे घसे सुटले, ह्यांचा सुटला नाही. मग डॉक्टर, मग मोठे डॉक्टर, मग घशात नळी घालून बघणं. आणि मग एक शांत, सभ्य डॉक्टर आम्हांला समोर बसवून म्हणाले की गाठ आहे, वाईट आहे, आणि स्वरयंत्र काढावं लागेल.

स्वरयंत्र. हा शब्द मी शाळेपासून लिहीत आले. त्यात 'यंत्र' आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा टोचलं. यंत्र बिघडलं तर दुरुस्त करणं हा माझा धंदा, आणि मी नुसती पर्स मांडीवर धरून बसले होते.

ऑपरेशनच्या आधी आमच्या मुलीने मोबाइल धरला आणि म्हणाली, "बाबा, से समथिंग. एनिथिंग." हे जे बोलले ते पत्र्यावर वीट घासल्यासारखं. त्यांनी 'अगो' पण म्हटलं, माझ्याकडे बघून. हे हॉस्पिटलात असताना मी ते रेकॉर्डिंग प्रयोगशाळेत नेऊन माइकसमोर वाजवलं. दिवा लागला नाही. चिपला तो माणूस माहीत नव्हता.

ऑपरेशन चांगलं झालं. लोकांना मी हेच सांगते आणि ते खरंही आहे; माणूस वाचला. गळ्याला भोक आहे, श्वास तिथून येतो-जातो. ह्यांना कंट्रोल रूममधून कागदांच्या टेबलावर बसवलं, कारण रेडिओवर आता काय करणार? घरी हे मोबाइलवर टाइप करून दाखवतात, प्रत्येक वाक्याला पूर्णविरामासकट. बोलावायचं असलं की टेबलावर टकटक करतात. मला टकटकीतून काही कळत नाही. चहा की मोजा की नुसतंच? सुरुवातीला टाळ्या वाजवायचे. "मी काय हॉटेलातली वेटर आहे?" असं मी एकदा ओरडले, आणि मग ओरडतच गेले, कुठलं कुठलं जुनं काढून. हे टाइप करत होते. त्यांचं एक वाक्य होईपर्यंत माझं भांडण तीन वळणं पुढे गेलेलं असायचं. शेवटी त्यांनी मोबाइल पालथा ठेवला आणि नुसते बसून राहिले. एकाच्याच आवाजात भांडण होत नाही, त्याचं नुसतं ओरडणं होतं. त्यानंतर टाळ्या बंद झाल्या.

मला ती हाक परत हवी होती. बाकी काही नको, तेवढीच. आमच्याकडे व्हिडिओ ढिगाने आहेत, पण कॅमेरा नेहमी ह्यांच्या हातात. त्यात ह्यांचा आवाज म्हणजे "इकडे बघा", "हसा जरा", आणि मंडळाच्या गणपतीत केलेलं एक भाषण, ज्यात हे 'उपस्थित मान्यवर' म्हणतात. घरात बायकोला मारलेली हाक कोण रेकॉर्ड करतं?

मुलीने ते सगळं एका ॲपमध्ये घातलं. असा माणसाचा आवाज हल्ली बनवता येतो. तिने इंग्रजी अक्षरांत टाइप केलं, आणि माझ्या नवऱ्याच्या गळ्यातून एक साहेब म्हणाला, "एगो." मग तिने देवनागरीत टाइप केलं. ह्या वेळी 'अगो' आलं, पण बातम्या देणाऱ्या माणसासारखं, दोन्ही अक्षरं इस्त्री करून ठेवलेली. ह्यांचे खांदे हसण्याने हलत होते. त्यांनी टाइप केलं: हे गृहस्थ कोण. मुलगी म्हणाली, "आय कॅन फिक्स इट, बाबा." त्यांनी तिच्या डोक्यावर थोपटलं आणि ते उठून बाल्कनीत गेले, बराच वेळ. दिव्यानेही त्या गृहस्थाला ओळखलं नाही.

बुडत्याला काडीचा आधार. मी प्रोफेसरांकडे गेले आणि विचारलं, चिपमधून आवाज परत काढता येईल का?

त्यांनी चष्मा काढला आणि मला जे पाठ होतं तेच हळू आवाजात सांगितलं. आत हजारो जागा आहेत, प्रत्येक किंचित बदललेली. त्यातल्या कुठल्याही एका जागेत आवाज नाही. सगळ्या मिळूनही आवाज नाही, फक्त ओळख आहे. "ती त्याला ओळखते," ते म्हणाले. "तिच्याजवळ तो नाही." दुसऱ्या चिपमध्ये ती ओळख उतरवून घेता येत नाही, कारण प्रत्येक चिपचे दोष वेगळे आणि हिचं शिकणं हिच्या दोषांना धरून. आणि सारखं तपासत राहिलं तर तपासण्यानेच आतलं थोडं थोडं सरकतं. "मालेश, मदाम अगो," ते म्हणाले. इजिप्तचे लोक जिथे काहीच करता येत नाही तिथे 'मालेश' म्हणतात. 'अगो' त्यांच्या तोंडून ऐकून मी तिथेच रडले. त्यांना वाटलं विज्ञानामुळे.

त्या चिपचा मला मत्सर वाटायचा, रागही यायचा. पण माझं तरी काय वेगळं होतं? हजार माणसांतून मी ती हाक ओळखली असती, आणि डोळे मिटून ऐकायला गेलं तर ती येत नव्हती. यायची ती दर वेळी जराशी वेगळी. कधी तिच्यात सांगलीचा 'अगं' शिरायचा, कधी ते इस्त्रीवाले गृहस्थ. आठवून आठवून मीच ती झिजवते आहे अशी भीती बसली, आणि मी आठवायचं टाळू लागले. दुपारी काम करता करता ती वर येऊ लागली की मी उठून नळ सोडायची.

मग प्रोजेक्टचा निधी संपला. बोर्डं खोक्यांत भरायची होती. त्याच सुमारास ह्यांना गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र मिळालं, दाढीच्या मशीनएवढं. ते गळ्यावर दाबून ओठ हलवले की शब्द उमटतात, पण सगळे एका सुरात, मिक्सर चालू ठेवून आत कुणी बोलावं तसे. हे मुलीबरोबर सराव करायचे. बकालात, म्हणजे खालच्या किराणा दुकानात, फोन करून त्यांनी ब्रेड मागवला तर दुकानदाराने कुणी पोरं मस्करी करतायत म्हणून फोन ठेवला. माझ्याशी मात्र ते यंत्राने बोलत नव्हते. माझ्यासाठी टकटकच.

बोर्ड भरायच्या दिवशी हे मला न्यायला आले आणि खुर्चीवर न बसता सरळ आत आले. प्रोफेसरांनी त्यांना मिठी मारली. बोर्ड अजून चालू होता. ह्यांनी खिशातून यंत्र काढलं. काय होणार ते मला माहीत होतं. लोकांना समजावून सांगते मी ते. त्या चिपने हा सूर ओळखणं शक्य नव्हतं. तरी मी धावत जाऊन माइक लावला. विद्यार्थी हातातली खोकी खाली ठेवून उभे राहिले.

ह्यांनी यंत्र गळ्याला लावलं. "अ गो."

मी दिव्याकडे बघत होते. लागला नाही.

"परत म्हणा," मी म्हटलं, आणि माइक पुढे सरकवला.

"अ गो."

नाही. मी आवाज वाढवायचं बटण फिरवलं. "जरा सावकाश. 'गो' लांबवा, तुम्ही लांबवायचात तसा."

त्यांनी लांबवला. मिक्सर लांबला, एवढंच. दिवा तसाच. मी बोर्डावर वाकून एक तार दाबून बघितली, ती घट्टच होती. मागून पुन्हा आवाज आला, ह्या वेळी मी न सांगता. मी दिव्यावरची नजर काढली नाही. मी श्वास धरून उभी होते, ओढणीचा बोळा तोंडाशी, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

मग टेबलावर टकटक झाली.

मी वळले. हे माइकपासून दूर उभे होते. त्यांचं तोंड बोर्डाकडे नव्हतंच. ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांचा गळा यंत्राच्या दाबाने लाल झाला होता. त्यांनी ते पुन्हा लावलं.

"दिव्याला नाही गो," ते म्हणाले. "तुला."

मागे बोर्ड चालू होता आणि त्यावर काही लागलं नव्हतं.

"ओ," मी म्हटलं. आवाज फुटला नाही नीट, म्हणून परत म्हटलं. "ओ. काय हवंय?"

ह्यांनी मान हलवली. यंत्र गळ्याला टेकवलं.

"काही नाही."